जुन्या लॅपटॉपचे हरवलेले बारके भाग : एक बटण, एक पाय, दोन स्क्रू आणि एक झाकण कुठे मिळेल?

पानगळ

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला एका सभासदांनी गेल्या दिवाळीत आपला जुना लॅपटॉप दिला. थिंकपॅड एक्स२२०, म्हणजे २०११ चं मॉडेल. मशीन ठणठणीत आहे. त्यावर लिनक्स टाकून घेतलं आणि पुस्तकांची यादी चढवायला सुरुवात केली. अकरा हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत, साडेतीन हजार झाली.

मधे पंख्याचा आवाज यायला लागला म्हणून एका दुकानात दुरुस्तीला दिला. पंखा नीट झाला, पण लॅपटॉप परत आला तेव्हा डी चं बटण नाही, मागच्या उजव्या कोपऱ्यातला रबरी पाय नाही, खालचे दोन स्क्रू नाहीत आणि उजव्या बाजूचं हार्ड डिस्कच्या कप्प्याचं झाकणही नाही. दुकानदार म्हणतो, असाच आला होता. वाद घालून उपयोग नव्हता, घेऊन आले.

डी ची किल्ली गेल्याने इंग्रजीत टंकणाऱ्याचं फारसं अडत नसेल. आम्ही इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरी टंकायची एक कळ-मांडणी) टंकतो आणि तिथे डी म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडायची खूण. ग्रंथ, चरित्र, व्याकरण, प्रवासवर्णन, काहीही लिहा, हलन्त लागतोच. दर वेळी त्या उघड्या रबरी बोंडावर बोट रुतवायचं. तासाभरात मधलं बोट हुळहुळायला लागतं. आमच्याकडे टंकायला येणाऱ्या एक आजी तर बोटाला चिकटपट्टी लावून बसतात.

तीन दुकानांत विचारलं. सगळे म्हणाले, सुटं काही मिळत नाही, पूर्ण कीबोर्ड घ्या नाहीतर नवीन मशीन घ्या. खरंच मिळत नाही का?

उंबरठा

लॅपटॉपचा पाय गेला आणि पाय मोडायचं बटणही गेलं! अशी जोडी पहिल्यांदाच ऐकली.

मिळतं सगळं, पण बाजारात जायच्या आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते कळलं पाहिजे. इथे जाणकार आहेत, सांगतील.

सोल्डर

पानगळ ताई, सुट्या वस्तू मिळतात. फक्त "एक्स२२० चा स्क्रू द्या" असं विचारलंत तर कुणीही नाहीच म्हणेल. वस्तूचा नंबर किंवा माप सांगावं लागतं.

थिंकपॅडच्या जवळजवळ प्रत्येक भागाला एफआरयू नंबर, म्हणजे सुट्या भागाचा कंपनीचा क्रमांक असतो. कंपनीने या मॉडेलचं हार्डवेअर मेन्टेनन्स मॅन्युअल पीडीएफमध्ये फुकट उपलब्ध ठेवलंय. त्यात लॅपटॉप कुठून कसा उघडायचा ते चित्रांसह आहे आणि प्रत्येक पायरीखाली तिथल्या स्क्रूचं माप, संख्या आणि रंगही दिलाय. आधी ते उतरवून घ्या. डेलच्या भागांवर डीपीएन (डेलचा पार्ट नंबर) लिहिलेला असतो, एचपीच्या भागांना सहा आकडे, मधे रेघ आणि पुढे तीन आकडे असा स्पेअर नंबर असतो. ज्यांच्याकडे ही मशीन्स आहेत त्यांनीही हाच मार्ग धरावा.

आता बटण. तुमच्या मशीनचा सात ओळींचा कीबोर्ड टी४२०, टी५२० आणि डब्ल्यू५२० या थिंकपॅडमध्येही तोच आहे. त्यामुळे फक्त एक्स२२० शोधत बसू नका, या चौघांपैकी कुठलंही भंगारात निघालेलं मशीन चालेल. मात्र पुढच्या वर्षीच्या एक्स२३० चा, सुट्या बेटांसारख्या बटणांचा कीबोर्ड घेऊ नका.

अजून एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. हा एकच कीबोर्ड तीन वेगवेगळ्या कारखान्यांनी बनवलाय : चिकोनी, आल्प्स आणि एनएमबी. वरून तिन्ही सारखे दिसतात. बटणाखालची पांढरी प्लास्टिकची कैची मात्र तिघांची वेगळी. आल्प्सचं बटण चिकोनीच्या कैचीवर बसत नाही. जोर लावलात तर कैचीचा कान तुटतो. तेव्हा कीबोर्ड काढा, मागचं लेबल वाचा आणि नाव इथे सांगा. बटणाबरोबर कैचीही गेलीय का?

पानगळ

बटणही नाही आणि कैचीही नाही. नुसतं रबरी बोंड आहे. लेबल पाहून सांगते, पण कीबोर्ड काढायची भीती वाटते.

सोल्डर

भिऊ नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा (यात ती बाहेरूनच निघते). उलटा केलात की काही स्क्रूंजवळ कीबोर्डचं चित्र दिसेल, तेवढेच सोडवा. सुलटा करा, कीबोर्ड हलक्या हाताने पडद्याच्या दिशेने सरकवा, मग पुढची कड उचलली जाते. खाली पट्टीची केबल आहे, ती ताणू नका. लेबल दिसतंय तेवढाच उचला.

काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने लावा. तुमच्या दुकानदाराने एवढं केलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

भटक्या_७२

प्रामाणिक मत, राग नसावा. पंधरा वर्षांच्या मशीनवर एवढा जीव लावण्यात अर्थ नाही. वर्गणी काढा आणि नवीन घ्या. तुमच्या मशीनवर विंडोज ११ चालणारही नाही.

गुलबक्षी

भटक्या, त्यांनी लिनक्स आहे असं लिहिलंय, विंडोजचा प्रश्न येतोच कुठे? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर कितीतरी चालती मशीन्स माळ्यावर गेली, त्यातली बरीच लिनक्सवर अजून कामाला येतील. आणि तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी किती जमते ते मी जवळून पाहिलंय. त्या पैशात पुस्तकं येऊ देत.

खिळामोळा

मी स्क्रूंबद्दल लिहितो, कारण सगळे बटणामागे लागलेत आणि खरा धोका स्क्रूत आहे.

लॅपटॉपमध्ये बहुतेक एम२ आणि एम२.५ स्क्रू असतात. एम२ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास २ मिलिमीटर. पुढचा आकडा लांबी. बसक्या किंवा गोल डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात. जे डोकं पूर्ण आत बुडतं, त्याची डोक्यासकट मोजतात. इथेच लोक फसतात.

मी स्वतः एका मित्राच्या लॅपटॉपला ३ मिलिमीटरच्या जागी ६ चा लावला. हाताला किंचित घट्ट लागला, तरी फिरवला. तो मदरबोर्डच्या कडेला जाऊन टेकला आणि तिथली एक बारीक रेघ तुटली. मशीन परत सुरू झालंच नाही. स्क्रूची किंमत एक रुपयाही नसेल. त्या दिवसापासून शेजारचा स्क्रू काढून व्हर्नियरवर मोजल्याशिवाय मी कुठेही स्क्रू लावत नाही. लांबी कळत नसेल तर आखूड लावा. आखूड स्क्रू फार तर ढिला होईल, लांब स्क्रू भोक पाडेल.

दोन जागा रिकाम्या असल्या तर इतक्यात काही होणार नाही. पण लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलू नका, सांगाडा तिथे पिळतो.

नीरेकाठी

खिळामोळा यांच्याशी सहमत. स्क्रू मिळतात कुठे तर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. प्रत्येकाकडे मिठाईच्या किंवा टिफिनच्या डब्यात जुने स्क्रू साठवलेले असतात. माप दाखवलं की शोधून देतात, बरेचदा पैसेही घेत नाहीत. अगदी बारीक, एम१.४ सारखा हवा असेल तर चष्म्याच्या दुकानात विचारा.

पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. वर काचेची मोठी दुकानं, पण आपलं काम होतं ते जिन्याखालच्या टेबलांवर. भिंग लावून बसलेले कारागीर असतात, त्यांच्यामागे मेलेल्या मशीनचे ढीग.

तिथली भाषा समजून जा. वरचं झाकण म्हणजे ए पॅनल, पडद्याभोवतीची चौकट बी, हात टेकतो तो भाग सी, तळ म्हणजे डी. "डी पॅनलचा पाय हवा" म्हटलं की समोरचा लगेच ढिगाकडे वळतो.

तांब्याची_तार

थिंकपॅडचे स्क्रू नीट बघा, आट्यांवर नायलॉनचा थर असतो. त्यानेच ते हादऱ्याने सुटत नाहीत. मॅन्युअलमध्ये तर हे एकदाच वापरा, दर वेळी नवे लावा असं स्पष्ट लिहिलंय. साधे लावणार असाल तर निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब टाका.

खिळामोळा

@तांब्याची_तार, इथे मात्र असहमत. थ्रेडलॉकर धातू-धातूच्या जोडाला ठीक. प्लास्टिकला तो लागला तर काही प्लास्टिकना बारीक तडे जातात. बऱ्याच लॅपटॉपच्या तळाशी स्क्रूभोवती प्लास्टिकच असतं. एकदा वापरलेला नायलॉनचा स्क्रू पुन्हा लावला तरी घरगुती वापरात वर्षानुवर्षं टिकतो, माझे टिकलेत. मॅन्युअल कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी लिहिलंय.

तांब्याची_तार

तड्यांचं मान्य. माझा अनुभव धातूच्या तळाच्या मशीनचा होता. पण आवळायचं किती याबद्दल मॅन्युअलचंच ऐका : प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना स्क्रूचं डोकं टेकलं की पुढे फक्त पाव फेरा. मनगटाने नाही, दोन बोटांनी.

दिवेलागण

माझ्या जुन्या मॅकबुक प्रोच्या (१३ इंची, २०१२) तळाला दहा स्क्रू आहेत, त्यातले तीन लांब आणि सात आखूड. माझ्या मुलाने सगळे एका वाटीत ओतले आणि नंतर अंदाजाने लावले. लांब स्क्रू आखूडच्या भोकात अर्धवट उभा राहिला, त्याने टेबलावर चरे पडले. आता दोन हरवलेत. ते कुठे मिळतील?

नीरेकाठी

@दिवेलागण, त्याचा दहाचा पूर्ण संच ऑनलाइन मिळतो, मॉडेलचं वर्ष बघून मागवा. सुटे शोधण्यापेक्षा तेच सोपं.

हॉलंडकर

मी नेदरलँड्सला असतो. इथे रिपेअर कॅफे नावाचा प्रकार आहे, २००९ साली ॲमस्टरडॅमला मार्टिन पोस्टमा या बाईंनी सुरू केला, आता गावोगावी भरतो. मोडकी वस्तू घेऊन जायचं, तिथले स्वयंसेवक आपल्याबरोबर बसून दुरुस्त करतात. मी महिन्यातून एक शनिवार तिथे स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. सर्वाधिक येतात ते कॉफीची यंत्रं आणि दिवे, पण हरवलेल्या झाकणांचीही माणसं येतात.

झाकण थ्री-डी प्रिंट करता येतं. जुन्या थिंकपॅडच्या बऱ्याच भागांचे आराखडे लोकांनी फुकट टाकून ठेवलेत. पण पीएलए प्लास्टिकमध्ये छापून घेऊ नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात गाडीत राहिलं की वाकलंच. पीईटीजी सांगा. रबरी पायासाठी टीपीयू, ते लवचिक असतं.

पानगळ, एक विचारायचं राहिलं. हार्ड डिस्कच्या दोन्ही कडांना रबराच्या पट्ट्या आहेत का? झाकणाबरोबर बरेचदा त्याही जातात. या मॉडेलला ७ मिलिमीटर जाडीची डिस्क लागते आणि ती त्या पट्ट्यांवर टेकते. पट्टी नसेल तर डिस्क आत हलते.

पानगळ

टॉर्च लावून पाहिलं. एकच पट्टी आहे! कुणी लिहिलं नसतं तर कळलंच नसतं. तात्पुरतं काय करू? लॅपटॉप रोज कपाटातून काढून टेबलावर येतो.

हॉलंडकर

दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जाडीची फोमची पट्टी सरकवा. धातूचं काही नको, कागदाच्या घड्याही नकोत, त्या दमट होतात. आणि उघड्या तोंडावर एक चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे उचलताना डिस्क बाहेर सरकणार नाही.

गुलबक्षी

पायासाठी बाजारात कशाला? आमच्याकडे चौकात बसणाऱ्या मोचीकाकांकडे गेले होते. उरलेला पाय दाखवला. त्यांनी चपलेच्या तळाच्या मायक्रो शीटमधून तुकडा कापला, कानशीने घासून अगदी त्याच उंचीवर आणला. वीस रुपये घेतले. दोन वर्षं झाली, जागचा हलला नाही.

जुना गोंद आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून काढा, मग चांगली दुहेरी चिकटपट्टी. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, त्याची वाफ शेजारच्या प्लास्टिकवर पांढरी बसते. बटणासाठी तर मुळीच नको, खाली ओघळला की ती किल्ली कायमची गेली.

उंबरठा

पायाची उंची सारखी हवी हे फार महत्त्वाचं. कपाटाच्या दाराला लावतात ते पारदर्शक गोल बंपर मी चिकटवले होते. एक मिलिमीटर उंच निघाले आणि टंकताना लॅपटॉप डुगडुगायचा. पायच नसेल तर तळ टेबलाला टेकतो आणि खालून हवा खेळायला जागा राहत नाही, तेही वाईट.

मोडीवाचक

बाकी सगळं ठीक, पण त्या आजींच्या बोटाचं आज काय? बटण यायला पंधरा दिवस लागले तर?

ताई, जुन्या इनस्क्रिप्ट मांडणीत वरच्या आकड्यांच्या ओळीत काही जोडाक्षरं तयार आहेत. शिफ्ट धरून ६ दाबलं की त्र, ७ ला क्ष, ५ ला ज्ञ, ८ ला श्र. ३ वर रकार आणि ४ वर रफार. 'चरित्र', 'सर्व', 'ग्रंथ' हे तिन्ही शब्द हलन्ताला हात न लावता होतात.

आणि याहून चांगलं : झेड ची किल्ली बघा. इनस्क्रिप्टमध्ये तिथे ऱ्हस्व ए ची मात्रा आहे. दक्षिणेकडच्या भाषा देवनागरीत लिहिताना ती लागते, मराठीत लागत नाही. झेड चं बटण कैचीसकट काढा आणि डी वर बसवा. एकाच कीबोर्डवरचं आहे, म्हणजे कारखान्याचा प्रश्नच मिटला. जी, एच आणि बी च्या बटणांना मात्र हात लावू नका, मधल्या लाल टोपीसाठी (माऊसचं काम करणारी बारकी दांडी) त्यांचे कोपरे कापलेले असतात.

सोल्डर

मोडीवाचक, हे मला पंचवीस वर्षं या धंद्यात राहून सुचलं नाही. कमाल!

काढताना बटणाच्या एका कडेखाली पातळ प्लास्टिक घालून वर उचला, गिटारची पट्टी उत्तम. धातूचा पेचकस नको. कैचीचे दोन तुकडे एकमेकांत अडकलेले असतात, ते सुटले तर फोटो पाहून परत अडकवा. बसवताना आधी कैची, ती आडवी नीट पडली की वरून बटण, मग चारही कोपऱ्यांवर हलका दाब. टक् टक् असा आवाज येतो.

पानगळ

बसलं! आज सकाळी आजींसमोरच केलं. डी वर झेड लिहिलेलं दिसतंय, पण आजी म्हणाल्या, "मी कुठे अक्षरं बघून टंकते?" त्यांनी लगेच बसून एकशे बारा नोंदी केल्या. शिफ्ट ६ चा त्र त्यांना इतका आवडला की चरित्रांचं कपाटच पुढे घेतलंय.

कीबोर्डही काढून पाहिला. लेबलवर चिकोनी लिहिलंय. मोचीकाकांकडून पाय झाला. त्यांनी उरलेला पाय हातात घेऊन दोन वेळा दाबून पाहिला आणि मगच शीट निवडलं. लॅपटॉप आता डुगडुगत नाही.

स्क्रू मॅन्युअलमध्ये पाहून ठेवलेत, माप लिहून पाकिटात टाकलंय. शनिवारी मोबाईलवाल्याकडे जाते.

सोल्डर

माझ्याकडे टी४२० चा एक मेलेला कीबोर्ड आहे, पण आताच पाहिला, आल्प्सचा निघाला. चालणार नाही.

तांब्याची_तार

माझ्याकडे चिकोनीचा आहे, डब्ल्यू५२० मधून काढलेला. त्यावर चहा सांडला होता, बटणं मात्र सगळी स्वच्छ आहेत. डी आणि दोन जास्तीची, कैच्यांसकट, आगपेटीत घालून पाठवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पैसे नकोत.

भटक्या_७२

पानगळ, माझं आधीचं मत मागे घेतो. वीस रुपयांचा पाय आणि आगपेटीतलं बटण एवढ्यावर काम होत असेल तर नवीन कशाला घ्यायचं. माझ्या कपाटातही एक जुनं डेल पडलंय, एका बिजागरीचं टोपण हरवलंय म्हणून मीच बाजूला ठेवलं होतं. सोल्डर, डीपीएन नंबर नेमका कुठे असतो?

सोल्डर

त्या त्या भागाच्या आतल्या बाजूच्या छोट्या लेबलवर. तळाच्या सर्व्हिस टॅगचे सात अक्षर-आकडे कंपनीच्या साइटवर टाका, मूळ मशीनमध्ये काय काय होतं ते कळतं. टोपणाचा फोटो नवीन धाग्यात टाका, इथे गर्दी नको.

पानगळ

आगपेटी आली. डी जागेवर, झेड पुन्हा आपल्या घरी. स्क्रूही मिळाले. मोबाईलवाल्या दादांनी डबा पालथा करून दहा मिनिटं शोधले आणि माझ्यासमोर मोजून दिले. सगळ्यांचे मनापासून आभार. चार हजारावी नोंद काल झाली.

आता राहिलं ते झाकण आणि ती एक रबरी पट्टी. आमच्या भागात थ्री-डी प्रिंट करून देणारं कुणी सापडलं नाही. चिकटपट्टी दर आठवड्याला बदलते.

वाळवण

आज पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. माझ्याकडे एक्स२२०आय आहे, पडदा फुटलेला. झाकण तेच असतं ना? काढून पाहिलं, दोन्ही रबरी पट्ट्याही आहेत आणि झाकणाचा स्क्रूही. मी कराडला राहते, जवळ असाल तर वाचनालयातच आणून देते. किती वाजेपर्यंत उघडं असतं?